सिस्टर ब्लांडिना सेगाले : एका स्थलांतरिताच्या मुलीचे शिक्षकपण
(द्वितीय वर्ष कला, इतिहास)

इतिहासाच्या तासाला अमेरिकेचा पश्चिमविस्तार हा भाग चालू होता. सरांनी फळ्यावर नकाशा काढला, मिसुरीपासून सांता फेपर्यंत एक वाकडीतिकडी रेघ ओढली आणि म्हणाले, "या वाटेने व्यापारी गेले, सैन्य गेले, गुराखी गेले आणि काही शिक्षिकाही गेल्या." आमच्या पाठ्यपुस्तकात व्यापारी, सैन्य आणि गुराखी यांना प्रत्येकी एकेक परिच्छेद आहे. शिक्षिकांना मात्र एक ओळही नाही. तास संपल्यावर मी सरांना विचारले, "सर, त्या शिक्षिका कोण?" सर हसून म्हणाले, "आता तूच शोधून काढ आणि वार्षिकांकासाठी लिही."

तो शोध घेता घेता मला जी एक बाई भेटली, तिची ही ओळख आहे. तिचे नाव सिस्टर ब्लांडिना सेगाले. 'ॲट द एंड ऑफ द सांता फे ट्रेल' हे तिचे पुस्तक म्हणजे तिच्या दैनंदिनीची पाने. शेजारी शब्दकोश ठेवून मी ती वाचली. माझे इंग्रजी बेताचे, त्यामुळे वाचनाला पावणेदोन महिने लागले. परंतु ते दिवस वाया गेले असे मला वाटत नाही. इतक्या दूरच्या, वेगळ्या धर्माच्या आणि वेगळ्या काळातल्या एका बाईच्या आयुष्यात मला माझ्याच घरचा एक प्रश्न सापडला. तो प्रश्न लेखाच्या शेवटी मांडणार आहे. आधी त्यांचे चरित्र.

बालपण

सिस्टर ब्लांडिना यांचे मूळ नाव रोझा मारिया सेगाले. त्यांचा जन्म २३ जानेवारी १८५० रोजी जिनोआजवळच्या चिकान्या या डोंगराळ गावी झाला. त्या वेळी इटली हे एक राष्ट्र नव्हते. हा मुलूख सार्डिनियाच्या राज्यात मोडत होता आणि इटलीचे एकीकरण होऊन राज्याची घोषणा व्हायला १८६१ साल उजाडले. म्हणजे ज्या देशाची मुलगी म्हणून रोझा पुढे ओळखली गेली, तो देश तिच्या जन्माच्या वेळी जन्मलाच नव्हता!

रोझा चार वर्षांची असताना, १८५४ साली, तिचे आईवडील मुलाबाळांसह समुद्र ओलांडून अमेरिकेत आले आणि ओहायो राज्यातील सिनसिनाटी या शहरात राहिले. इटालियन माणसांचे मोठे लोंढे अमेरिकेकडे वळले ते पुढे, १८८० नंतर. १८८० ते १९२० या ४० वर्षांत सुमारे ४० लाख इटालियन अमेरिकेत गेले असे मानतात. सेगाले कुटुंब त्या लाटेच्या कितीतरी आधी आलेले. त्यामुळे ज्या शहरात त्यांनी पाय ठेवला तेथे त्यांची भाषा बोलणारी माणसे थोडीच होती. वडिलांनी फळे विकून संसार उभा केला. भाषा येत नसलेल्या माणसाने परक्या शहरात फळे विकायची, म्हणजे बोटांनी भाव सांगायचा आणि गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावरून त्याचे उत्तर ओळखायचे. घरात इटालियन आणि शाळेत इंग्रजी, अशा दोन भाषांत रोझा वाढली.

सिनसिनाटीत 'सिस्टर्स ऑफ चॅरिटी' या कॅथलिक धर्मभगिनींचा संघ काम करीत होता. एलिझाबेथ ॲन सेटन या विधवा स्त्रीने मेरीलँड राज्यात जो संघ स्थापन केला होता, त्यातून चार भगिनी १८२९ साली सिनसिनाटीला आल्या आणि १८५२ साली तेथील संघ स्वतंत्र झाला. शाळा, अनाथालय, रुग्णालय ही त्यांची कामे. रोझाने लहानपणापासून हे काम पाहिले होते. सप्टेंबर १८६६ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, तिने या संघात प्रवेश केला आणि तिचे नाव सिस्टर ब्लांडिना झाले. ब्लांडिना हे दुसऱ्या शतकात श्रद्धेपायी छळ सोसून मेलेल्या एका गुलाम मुलीचे नाव. तिची थोरली बहीण मारिया मद्दालेना हीदेखील याच संघात आली आणि सिस्टर जस्टिना झाली. पुढची सगळी कहाणी आपल्याला कळते ती या दोन बहिणींच्या जिव्हाळ्यामुळे. कारण ब्लांडिनाने दैनंदिनी लिहिली ती जगासाठी नव्हे, तर केवळ आपल्या ताईने वाचावी म्हणून.

ट्रिनिडाड नावाचे गाव

ओहायोतील स्टुबेनव्हिल आणि डेटन येथे काही वर्षे शिकवल्यावर १८७२ च्या नोव्हेंबरात सिस्टर ब्लांडिना यांना वरिष्ठांकडून आज्ञा आली की ट्रिनिडाडला निघावे. त्यांना फार आनंद झाला. ट्रिनिडाड म्हणजे कॅरिबियन समुद्रातले बेट अशी त्यांची समजूत होती. सिनसिनाटीला आल्यावर कळले की हे ट्रिनिडाड म्हणजे कोलोराडो प्रदेशातले, डोंगरांच्या पायथ्याचे, मातीच्या घरांचे गाव आहे. कोलोराडो त्या वेळी राज्यदेखील झालेले नव्हते. ते १८७६ साली झाले. बंदुकीच्या जोरावर न्याय करणाऱ्यांची त्या भागात वाण नव्हती.

बावीस वर्षांची ही तरुणी एकटी निघाली. रेल्वे होती ती किट कार्सन नावाच्या ठाण्यापर्यंत. ट्रिनिडाडला रेल्वे पोहोचली १८७८ साली. म्हणून पुढचा प्रवास घोड्यांच्या टपालगाडीने करावा लागला. डिसेंबरची थंडी, रात्रीची वेळ आणि गाडीत चढलेला एक अनोळखी गुराखी. पश्चिमेकडच्या गुराख्यांविषयी त्यांनी नाना गोष्टी ऐकलेल्या होत्या. त्या जीव मुठीत धरून बसल्या. बोलणे निघाले तसे कळले की हा तरुण घरातून निघून आलेला असून कित्येक वर्षांत त्याने आईला पत्र पाठवलेले नाही. भीती बाजूला राहिली आणि बाईंमधली शिक्षिका जागी झाली. गाडी थांबेल तेथे उतरून आईला पत्र लिहीन, असे वचन त्यांनी त्याच्याकडून घेतले.

हा प्रसंग वाचताना मला हसू आले आणि थोडे गलबलूनही आले. आपल्या पहिल्या विद्यार्थ्याला त्यांनी जो पहिला धडा दिला तो 'घरी पत्र लिही' हा होता.

९ डिसेंबर १८७२ रोजी त्या ट्रिनिडाडला पोहोचल्या. त्यांच्या संघाच्या भगिनी तेथे १८७० पासून शाळा चालवीत होत्या. मुले बहुतेक स्पॅनिश बोलणाऱ्या घरांतली होती. ट्रिनिडाडचा तो मुलूख १८४८ पर्यंत मेक्सिकोचा होता. युद्ध होऊन तो अमेरिकेकडे गेला. तेथली माणसे जागची हलली नाहीत, पण त्यांच्यावरून सरहद्द सरकून गेली आणि आपल्याच गावात ती परकी झाली. पूर्वेकडून आलेले धूर्त लोक त्यांच्या जमिनी बळकावीत होते आणि मूळच्या आदिवासी जमातींना हुसकावीत होते. सिस्टर ब्लांडिना यांच्या दैनंदिनीत या अन्यायाची चीड जागोजागी दिसते. त्यांना हे लोक समजले याचे एक कारण मला असे वाटते की, राज्याची भाषा एक आणि घरची भाषा दुसरी असली म्हणजे मुलाची शाळेत काय गत होते, हे त्यांनी स्वतः अनुभवले होते.

छपरावरच्या बाई

ट्रिनिडाडची शाळा एका जुन्या मातीच्या इमारतीत भरत असे. कच्च्या विटांच्या जाड भिंती, बुटके छप्पर आणि उजेडाची वानवा. नवी शाळा हवी होती, पण पैसा नव्हता. आपल्याकडे अशा वेळी अर्ज करतात, समिती नेमतात आणि वाट पाहतात. सिस्टर ब्लांडिना यांनी काय केले? त्या पहार घेऊन छपरावर चढल्या आणि एकेक वीट उचकटून खाली टाकू लागल्या.

रस्त्याने जाणाऱ्या एका सुखवस्तू बाईने विचारले की हे काय चालले आहे. सिस्टरांनी सांगितले की नवी शाळा बांधायची आहे, म्हणून जुनी पाडते आहे. बाई थक्क झाली. मग काय काय लागेल, अशी तिने चौकशी केली आणि आपली माणसे कामाला पाठवून दिली. ते पाहून दुसऱ्या कोणी सामान दिले, तिसऱ्याने मजुरी दिली, आणि शाळा उभी राहिली. बांधकाम चालू असताना बिशप भेटीला आले, तेव्हा सिस्टर हातात चुन्याची बादली घेऊन गवंड्याच्या हाताखाली राबत होत्या असे त्या स्वतः लिहितात.

ही गोष्ट ऐकायला गमतीची आहे, पण तिच्यात एक रीत आहे. सिस्टर ब्लांडिना यांनी स्वतःपुरता नियम केला होता की समोर आलेले काम करायचे, कष्टाचे किंवा किळसवाणे म्हणून ते टाळायचे नाही. त्यांच्या भक्तीचे स्वरूपही मला असेच दिसते. प्रार्थना आणि उपासना यांत त्या कधी चुकल्या नाहीत, पण प्रार्थना करून हात जोडून बसल्या असेही कधी झाले नाही. उपासना आटोपली की त्या पहार हातात घेत. लोक त्यांना मदत का करीत, याचेही उत्तर यातच आहे. मागणारा माणूस स्वतः छपरावर चढलेला दिसला की नाही म्हणणे जड जाते.

दोन कथा आणि त्यांची चिकित्सा

सिस्टर ब्लांडिना यांचे नाव अमेरिकेत पुढे गाजले ते शाळांमुळे नव्हे, तर दोन साहसी प्रसंगांमुळे. त्यावर दूरदर्शन मालिकेचा एक भागही १९६६ साली निघाला.

पहिला प्रसंग असा. त्यांच्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी एका माणसाला गोळी घातली. जखमी माणूस अखेरच्या घटका मोजत होता आणि तुरुंगाबाहेर जमाव उभा होता. तो मेल्याची खबर येताच आरोपीला ओढून काढून फाशी द्यायचे, असा त्यांचा बेत. तो विद्यार्थी भेदरून सिस्टरांकडे आला. सिस्टर आधी जखमी माणसाकडे गेल्या. आरोपीने येऊन माफी मागितली तर तू क्षमा करशील का, असे त्यांनी त्याला विचारले. तो तयार झाला. मग त्या, शेरीफ आणि आरोपी असे तिघे त्या जमावाच्या मधून चालत जखमीच्या खोलीपर्यंत गेले. आरोपीने क्षमा मागितली, मरणाऱ्याने ती दिली, मात्र न्याय कायद्याने व्हावा असेही म्हटले. जमाव पांगला आणि खटला न्यायालयात गेला. या प्रसंगात कोणी शस्त्र उगारले नाही. एक शिक्षिका आपल्या विद्यार्थ्याच्या बापाबरोबर रस्त्याने चालली, एवढेच घडले.

दुसरा प्रसंग 'बिली द किड' या कुप्रसिद्ध दरोडेखोराचा. १८७६ साली त्याच्या टोळीतला एक जखमी माणूस ट्रिनिडाडमध्ये बेवारस पडला होता आणि गावातल्या चार डॉक्टरांनी त्याच्यावर उपचार करण्याचे नाकारले होते. सिस्टर ब्लांडिना त्याला अन्न आणि औषध देत राहिल्या. पुढे बिली त्या चौघा डॉक्टरांचा सूड घ्यायला आला. उपकाराची फेड म्हणून काय हवे ते मागा, असे त्याने सिस्टरांना म्हटले, तेव्हा त्यांनी त्या चौघांचे प्राण मागून घेतले.

ही कथा मी आमच्या सरांना मोठ्या उत्साहाने सांगितली. सरांनी एकच प्रश्न केला, "तारीख जुळते का?" मी शोधू लागले. बिली द किड म्हणून जगप्रसिद्ध असलेला विल्यम बॉनी हा १८७६ साली कोलोराडोत नव्हता असे इतिहासकार सांगतात. त्या वेळी तो कोवळा पोर होता आणि ते नाव त्याला मिळालेलेही नव्हते. त्याच टोपणनावाचा दुसरा एखादा लुटारू तेथे असावा. शिवाय ही दैनंदिनी पुस्तकरूपाने निघाली १९३२ साली, म्हणजे ५६ वर्षांनी. तेवढ्या काळात ओळखीच्या नावाशी गाठ पडणे अशक्य नव्हे.

मला थोडे वाईट वाटले. पण विचार केल्यावर असे दिसते की दरोडेखोर कोणता होता याने मूळ गोष्टीला बाध येत नाही. ज्याला गावाने टाकले अशा माणसाच्या खाटेशी जाऊन त्यांनी त्याची सेवा केली, तिचे मोल दरोडेखोराच्या कीर्तीवर अवलंबून नाही. उलट प्रसिद्ध नावाच्या मागे लागून आपण त्या चार भिंतींच्या शाळेला विसरतो, हा खरा तोटा आहे. साधनांची चिकित्सा म्हणजे काय, हे मला पुस्तकातल्या व्याख्येपेक्षा या एका प्रश्नाने अधिक कळले.

एका वेषाचा प्रश्न

ट्रिनिडाडनंतर सिस्टर ब्लांडिना न्यू मेक्सिको प्रदेशातील सांता फे येथे गेल्या. आर्चबिशप लामी यांच्या निमंत्रणावरून त्यांच्या संघाने तेथे १८६५ सालीच रुग्णालय सुरू केले होते. शिकवणे, रुग्णसेवा, अनाथ मुलांची व्यवस्था आणि मुलींना हाताला काम मिळावे म्हणून उद्योगशाळा, अशी अनेक कामे त्यांनी तेथे केली. १८८० साली रेल्वे आली. रुळांच्या कामावर जखमी झालेले मजूर रुग्णालयात येऊ लागले. १८८१ पासून त्या अल्बुकर्की येथे शाळेच्या उभारणीत होत्या.

पुढे त्या पुन्हा ट्रिनिडाडला आल्या. तेथे धर्मभगिनी सरकारी शाळेतही शिकवीत असत. १८९२ साली शाळा मंडळाने त्यांच्यापुढे प्रश्न ठेवला की सरकारी शाळेत शिकवायचे तर धर्मभगिनीचा वेष बदलावा लागेल. सिस्टर ब्लांडिना यांनी उत्तर दिले की घटनेने जो पोशाखाचा हक्क मंडळाच्या अध्यक्षांना दिला आहे तोच मलाही दिला आहे, आणि त्यांनी नोकरी सोडली.

या ठिकाणी माझे मन दोन्हीकडे ओढले जाते. सरकारी शाळा सर्व धर्मांच्या मुलांची असते, तेव्हा तेथे शिक्षकाने धर्माचे चिन्ह बाळगावे का, हा प्रश्न रास्त आहे आणि तो आजही जगात ठिकठिकाणी वादाचा आहे. मंडळाची बाजू अगदीच पोकळ होती असे म्हणता येणार नाही. पण दुसऱ्या बाजूने पाहिले तर ज्या गावाची शाळा जिने स्वतःच्या हाताने पाडून बांधली, तिच्या वीस वर्षांच्या कामापेक्षा तिच्या कपड्याची चर्चा जास्त व्हावी, हे दुःखदायक आहे. त्यांनी तक्रारीचा पाढा वाचला नाही. सामान आवरले आणि त्या ओहायोला परत गेल्या.

आपल्या माणसांत

येथून पुढचा भाग चरित्रकारांनी थोडक्यात आटोपला आहे. मला मात्र तोच सर्वांत मोलाचा वाटतो.

सिनसिनाटी आता बदलले होते. सेगाले कुटुंब आले तेव्हा इटालियन माणसे विरळा होती. आता दक्षिण इटलीतून आणि सिसिलीतून आलेली दरिद्री कुटुंबे दाटीवाटीच्या वस्त्यांतून राहत होती. पुरुष मिळेल ती मजुरी करीत, बायका घरात शिवणकाम करीत आणि मुले रस्त्यावर विक्री करीत. इंग्रजी येत नसल्याने ती शाळेत टिकत नसत. या लोकांचे काय करावे, ही चर्चने आणि संघानेही काळजीने पाहिलेली बाब होती. १८९७ साली हे काम सिस्टर ब्लांडिना आणि सिस्टर जस्टिना या दोघी बहिणींवर सोपवण्यात आले. पंचवीस वर्षे एकमेकींना पत्ररूपाने भेटणाऱ्या बहिणी आता एका कामावर आल्या. वरिष्ठांनी त्यांच्या हातावर ठेवले ५ डॉलर.

८ डिसेंबर १८९७ रोजी त्यांच्या संस्थेची रीतसर नोंदणी झाली. तीच पुढे 'सांता मारिया इन्स्टिट्यूट' म्हणून प्रसिद्ध झाली. शिकागोत जेन ॲडम्स यांनी १८८९ साली सुरू केलेले 'हल हाउस' आपण समाजशास्त्रात अभ्यासतो. गरीब वस्तीत जाऊन राहणे आणि तेथल्या लोकांच्या गरजेप्रमाणे काम उभे करणे, अशी ती कल्पना. सांता मारिया हे कॅथलिकांनी चालवलेल्या अशा आरंभीच्या केंद्रांपैकी एक होते. तेथे बालवाडी होती, कामावर जाणाऱ्या आयांची मुले सांभाळण्याची सोय होती, शिवणवर्ग होते, मोठ्यांसाठी इंग्रजीचे वर्ग होते आणि काम मिळवून देण्याची व्यवस्था होती. दोघी बहिणी वस्तीतली घरे पायी फिरत आणि लोकांशी त्यांच्या भाषेत बोलत. चार वर्षांच्या रोझाला त्या शहरात जे मिळाले नव्हते, ते सत्तेचाळीस वर्षांच्या ब्लांडिनाने दुसऱ्यांच्या रोझांना मिळवून दिले.

मध्यंतरी त्या काही काळ अल्बुकर्कीला जाऊन आल्या. तेथील सेंट जोसेफ रुग्णालय १९०२ साली सुरू झाले, त्याच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. बाकी सारा काळ त्या सांता मारियातच राबल्या. सिस्टर जस्टिना १९२९ साली वारल्या. ज्या ताईसाठी लिहिले ती गेल्यानंतर तीन वर्षांनी ती दैनंदिनी पुस्तकरूपाने बाहेर आली. २३ फेब्रुवारी १९४१ रोजी, वयाच्या ९१ व्या वर्षी, सिस्टर ब्लांडिना यांचे निधन झाले. २०१४ साली सांता फे येथील आर्चबिशपांनी त्यांना संतपद मिळावे या दृष्टीने चौकशी सुरू केली आहे. त्या प्रक्रियेच्या पहिल्या पायरीवर त्यांना 'देवाची सेविका' असे म्हटले जाते.

माझा प्रश्न

आता सुरुवातीला राखून ठेवलेल्या प्रश्नाकडे येते. जे मी वर्गात आजवर कोणाला सांगितलेले नाही, ते येथे लिहिते.

माझे आईवडील ऊसतोडणीला जातात. दिवाळी झाली की गावातून गाड्या निघतात आणि उन्हाळा तोंडावर आला की माणसे परततात. नवराबायको मिळून 'एक कोयता' असा हिशोब असतो. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत तो कोयता थांबत नाही. लहानपणी मीही त्यांच्याबरोबर जात असे. माझे काम धाकट्या भावाला सांभाळणे. परत आल्यावर शाळेत नाव असे, पण वर्ग पुढे गेलेला असे. मला पाहून एकदा विचारण्यात आले होते, "ही आता कशाला आली?" प्रश्न विचारणाऱ्याचा राग आता उरलेला नाही. पण तो प्रश्न अजून कानांत आहे.

एका वर्षी फडाजवळ पत्र्याच्या शेडमध्ये साखरशाळा भरू लागली. तेथल्या बाई आमच्या कोपीत आल्या आणि पोरीला शाळेत धाडा म्हणाल्या. आई म्हणाली, "मग बारक्याला कोण बघणार?" बाई म्हणाल्या, "त्यालाही घेऊन येऊ दे." म्हणून मी भावाला कडेवर घेऊन बाराखडी गिरवली. पुढच्या वर्षापासून आजीने मला गावी ठेवून घेतले आणि मी शिकत गेले. सांता मारियात आयांची मुले सांभाळण्याची सोय होती हे वाचले, तेव्हा मला त्या बाईंचे शब्द आठवले. शाळा म्हणजे केवळ फळा आणि खडू नव्हे. 'बारक्याला कोण बघणार' या प्रश्नाचे उत्तर शाळेने दिले, तर मोठीला शिकता येते.

मी पदवीपर्यंत आले याचा आईला अभिमान आहे. पण ती नेहमी म्हणते, "शिकलीस, आता हिकडं फिरकू नको." तिचे चुकते असे मला म्हणवत नाही. तिने हात सोलून घेतले ते मी फडापासून लांब जावे म्हणून. मग शिकलेल्या मुलीने आपल्या माणसांत परत जाणे म्हणजे आईचे कष्ट वाया घालवणे की सार्थकी लावणे? हाच तो प्रश्न.

सिस्टर ब्लांडिना यांचे चरित्र याला सरळ उत्तर देत नाही. त्यांनी व्रत घेतले होते. त्यांच्यामागे घरची उचल नव्हती. मला नोकरी करावीच लागेल आणि भावाच्या शिक्षणाचेही पाहावे लागेल. त्यांच्याशी स्वतःची तुलना करण्याचा वेडेपणा मी करणार नाही. पण एक गोष्ट मला त्यांच्याकडून कळली. त्या परत गेल्या त्या हरून नव्हे. जाताना त्यांच्याकडे नव्हते ते येताना घेऊन आल्या. तीन भाषा, शाळा बांधायचा अनुभव आणि अधिकाऱ्यापुढे न दबता बोलण्याची सवय. परत जाणे म्हणजे होतो तेथेच जाऊन पडणे असे नसते.

यंदा नाताळच्या सुट्टीत मी आठ दिवस फडावर जाऊन राहिले. आईला ते मुळीच आवडले नाही. पहिले दोन दिवस ती माझ्याशी नीट बोललीही नाही. संध्याकाळी गाड्या भरून झाल्यावर मी बॅटरीच्या उजेडात आजूबाजूच्या कोप्यांतली मुले गोळा केली. पहिल्या दिवशी तीन आली, चौथ्या दिवशी अकरा. त्यातल्या एका मुलीच्या कडेवर तिचा भाऊ होता. तिला मी काही विचारले नाही, फक्त बसायला जागा करून दिली.

पाचव्या दिवशी संध्याकाळी पाणी घेऊन परत आले तर कोपीपुढचे पाचट बाजूला सारून, जमीन झाडून, आईने तेथे पोते अंथरून ठेवले होते. मला पाहून ती म्हणाली, "पोरं येतील आता. उशीर करू नको."